पॅरिसच्या रस्त्यावरून नाहीसा झालेला शिक्षक
(एका फ्रेंच चित्रपटाच्या निमित्ताने)

चित्रपटाविषयी लेख म्हटला की आपल्या घरांतील वाचकांच्या डोळ्यांपुढे राज कपूर उभा राहतो, नूतन उभी राहते आणि ओठांवर एखादे जुने गाणे येते. आज आम्ही ज्या चित्रपटाविषयी लिहावयास बसलो आहोत त्यात गाणे नाही, नायकाचा विजय नाही आणि शेवटी सत्याची सरशीही नाही. तरीही तो आमच्या मनातून जात नाही. याचे कारण असे की, तो जितका पॅरिसचा आणि मोरोक्कोचा आहे तितकाच, आडवाटेने का होईना, आपल्या या देशाचाही आहे.

चित्रपटाचे नाव 'लातांता'. मराठीत त्याला 'घातपात' म्हणता येईल. ईव्ह ब्वासे या फ्रेंच दिग्दर्शकाने तो १९७२ साली काढला. इंग्रजी मुलखांत तो 'द फ्रेंच कॉन्स्पिरसी' या नावाने दाखविला गेला. उत्तर आफ्रिकेतील एका देशाचा विरोधी पक्षनेता परदेशात आश्रय घेऊन राहिला आहे. त्याला गोड बोलून पॅरिसला आणावयाचे, भर दिवसा पळवावयाचे आणि कायमचे नाहीसे करावयाचे, असा हा कट. कथेतील नेत्याचे नाव सादिएल आहे. परंतु त्याच्यामागे उभा असलेला खरा माणूस कोण, हे त्या वेळच्या फ्रेंच प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. त्याचे नाव मेहदी बेन बार्का.

हा चित्रपट आम्हांला दाखविला तो आमच्या शाळेत इतिहास शिकविणाऱ्या एका बाईंनी. त्यांचे आईवडील १९६२ साली कासाब्लांकाहून येथे आले. हनुक्काच्या सुटीत एका संध्याकाळी आम्ही सहकुटुंब त्यांच्या घरी गेलो असता जेवणानंतर त्यांनी तो लावला. संवाद फ्रेंच, खाली इंग्रजी अक्षरे. आमच्या घरच्या मंडळींना मध्येच डुलकी लागली. आम्हांला मात्र लागली नाही. चित्रपट संपल्यावर बाई काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या आईवडिलांच्या तोंडून त्या राजाविषयी वाईट शब्द आम्ही कधी ऐकला नाही. त्याने आम्हांला जाऊ दिले, एवढेच ते म्हणत. या माणसाचे तर नावसुद्धा त्यांनी कधी काढले नाही."

त्या वाक्यानेच आम्हांला हा लेख लिहावयास लावले.

गणिताचा मास्तर

मेहदी बेन बार्का यांचा जन्म १९२० साली मोरोक्कोतील रबात शहरी एका साध्या कुटुंबात झाला. मोरोक्को त्या वेळी फ्रेंच व स्पॅनिश अंमलाखाली विभागलेला होता. मुलाची बुद्धी गणितात विलक्षण चाले. अल्जिअर्स येथे उच्च शिक्षण घेऊन तो मायदेशी परतला आणि शिक्षक झाला. रबात येथे राजघराण्यातील मुलांसाठी जे विद्यालय होते त्यात बेन बार्का गणित शिकवीत. त्यांच्या विद्यार्थ्यांत एक राजपुत्र होता. त्याचे नाव हसन. तोच पुढे १९६१ साली राजा हसन दुसरा म्हणून गादीवर बसला.

आमच्या व्यवसायात एक समजूत आहे की, विद्यार्थी कितीही मोठा झाला तरी मास्तरापुढे तो थोडा वाकतो. बेन बार्कांच्या बाबतीत ही समजूत खोटी ठरली.

जानेवारी १९४४ मध्ये स्वातंत्र्याच्या मागणीचा जो जाहीरनामा निघाला त्यावर सह्या करणाऱ्यांत बेन बार्का अगदी तरुण होते. १९५६ साली देश स्वतंत्र झाल्यावर ते सल्लागार सभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कामांपैकी आम्हांला सर्वांत भावते ते १९५७ च्या उन्हाळ्यातील. उत्तरेचा स्पॅनिश भाग आणि दक्षिणेचा फ्रेंच भाग यांच्यामध्ये रीफ डोंगरातून नीट रस्ता नव्हता. बेन बार्का यांच्या कल्पनेतून देशभरातील सुमारे ११ हजार तरुण स्वयंसेवक म्हणून गोळा झाले आणि त्यांनी सुमारे ६० किलोमीटरचा 'ऐक्याचा रस्ता' बांधावयास घेतला. या तरुणांनी नुसते दगड फोडावयाचे नव्हते. कुदळीच्या कामाला नागरिकत्वाच्या वर्गांची जोड होती. रस्ता बांधता बांधता माणसेही घडवावी, ही कल्पना शिक्षकालाच सुचावी.

१९५९ साली जुन्या पक्षातून बाहेर पडून त्यांनी लोकशक्तींचा राष्ट्रीय संघ हा नवा पक्ष काढण्यात पुढाकार घेतला. राजाच्या हाती एकवटणारी सत्ता त्यांना मान्य नव्हती. मग परागंदा होणे, परतणे आणि पुन्हा परागंदा होणे असा त्यांचा क्रम सुरू झाला. १९६२ साली त्यांच्या मोटारीला झालेला अपघात हा अपघात नव्हता, असे त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. १९६३ साली ते पुन्हा देशाबाहेर पडले. त्याच वर्षी मोरोक्को आणि अल्जिरिया यांच्यात सीमेवरून युद्ध पेटले. त्यांनी उघडपणे आपल्या राजाला दोष दिला. त्यांच्या गैरहजेरीत त्यांना मृत्युदंड ठोठावण्यात आला आणि पुढच्या वर्षी आणखी एका खटल्यात पुन्हा मृत्युदंड. कुटुंब कैरोत आणि स्वतः आज जिनिव्हा, उद्या हवाना, असे त्यांचे जिणे झाले.

१९६५ च्या मार्चमध्ये कासाब्लांकात जो उठाव झाला त्याचे निमित्त शिक्षक म्हणून आम्हांला विसरता येत नाही. १७ वर्षांवरील मुलांना माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत बसू देऊ नये, असे परिपत्रक शिक्षणखात्याने काढले. मुले रस्त्यावर आली. त्यांच्यामागे पालक आणि बेकार आले. गोळीबार झाला. गृहमंत्री जनरल मोहम्मद उफकीर यांनी शहर वठणीवर आणले. नंतरच्या भाषणात राजाने शिक्षक आणि सुशिक्षित यांनाच दोष दिला आणि तुम्ही अडाणी राहिला असता तर बरे झाले असते, अशा अर्थाचे उद्गार काढले. गणिताच्या मास्तरांचा विद्यार्थी तो हा!

याच सुमारास राजाने आपल्या एका नातेवाइकाकरवी बेन बार्कांना परत येण्याविषयी निरोप पाठविला. एक समीकरण सोडवावयाचे आहे, असे त्या निरोपात होते म्हणतात. मास्तर लगेच गेले नाहीत. जूनमध्ये राजाने आणीबाणी पुकारली.

२९ ऑक्टोबर १९६५

या शुक्रवारी बेन बार्का जिनिव्हाहून विमानाने पॅरिसला आले. निमित्त होते एका माहितीपटाचे. गुलामीतून सुटणाऱ्या राष्ट्रांवर चित्रपट काढावयाचा, नाव 'बास्ता', म्हणजे 'पुरे झाले'. दिग्दर्शक म्हणून जॉर्ज फ्रांजू आणि लेखिका म्हणून मार्गरित द्युरास अशी वजनदार नावे पुढे करण्यात आली होती. या नामवंतांना पुढच्या कटाची गंधवार्ता नव्हती. मध्यस्थ होता जॉर्ज फिगाँ नावाचा, तुरुंगवास भोगलेला आणि लेखक-कलावंतांत ऊठबस असलेला एक इसम. जानेवारी १९६६ मध्ये हवाना येथे आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका या तीन खंडांची परिषद भरावयाची होती आणि बेन बार्का तिच्या तयारीचे प्रमुख होते. असा चित्रपट त्यांना हवाच होता. शिकाऱ्याने आमिष नेमके निवडले होते.

दुपारी साडेबाराच्या सुमारास साँ-जेर्मँ या रहदारीच्या रस्त्यावर, ब्रासरी लिप या प्रसिद्ध उपाहारगृहासमोर, दोन माणसे त्यांना आडवी आली. दोघांनी पोलिसांची ओळखपत्रे दाखविली. ओळखपत्रे खरी होती, कारण माणसे खरोखरच फ्रेंच पोलीस होती. बेन बार्का मुकाट्याने मोटारीत बसले. कायद्याच्या देशात आपण कायद्याच्या माणसांबरोबर जात आहोत, असे त्यांना वाटले असणार. मोटारीत आंत्वान लोपेझ हाही होता. विमानतळावर नोकरी करणारा आणि फ्रेंच गुप्तहेर खात्याला बातम्या पुरविणारा हा माणूस. मोटार थांबली ती पॅरिसच्या दक्षिणेस फोंतने-ल-व्हिकोंत या गावी, जॉर्ज बूशसेश नावाच्या नामचीन गुंडाच्या बंगल्यापाशी. दुसऱ्या दिवशी जनरल उफकीर आणि त्यांचे सुरक्षाप्रमुख अहमद दलिमी हे विमानाने पॅरिसमध्ये उतरले.

त्या बंगल्यात शिरलेले बेन बार्का पुन्हा कोणाला दिसले नाहीत. वय अवघे ४५. त्यांचा देह आजपर्यंत सापडलेला नाही.

जानेवारी १९६६ मध्ये एका फ्रेंच साप्ताहिकाने, बेन बार्कांना मारताना आपण पाहिले, असे फिगाँचे कथन छापले. काही दिवसांतच फिगाँ पॅरिसमधील एका घरात गोळी लागून मेलेला आढळला. आत्महत्या, असे पोलिसांनी जाहीर केले. अध्यक्ष द गॉल संतापले. त्यांनी गुप्तहेर खात्याचा प्रमुख बदलला आणि ते खाते संरक्षणमंत्र्यांच्या हाताखाली घातले. परंतु जगापुढे बोलताना, फ्रान्सच्या बाजूने जे घडले ते किरकोळ आणि हाताखालच्या माणसांचे कृत्य होते, असेच त्यांनी सांगितले.

त्या वेळी पॅरिसच्या पोलिसांचे प्रमुख होते मोरीस पापोन. आपल्यापैकी अनेकांनी हे नाव दुसऱ्या संदर्भात ऐकले असेल. महायुद्धात बोर्दो भागातील यहुदी बंधुभगिनींना छळछावण्यांकडे रवाना करण्यात भाग घेतल्याबद्दल १९९८ साली ज्यांना शिक्षा झाली तेच हे पापोन. बेन बार्का प्रकरणात त्यांना शिक्षा झाली नाही आणि आम्हीही त्यांच्यावर आरोप करीत नाही. परंतु यहुद्यांना गाडीत चढविणारा अधिकारी वीस वर्षांनी त्याच प्रजासत्ताकाच्या राजधानीत पोलिसांचा वरिष्ठ म्हणून बसलेला असावा, यावरून ओळखपत्र दाखविणाऱ्या हाताची किंमत वाचकांनी ठरवावी.

चित्रपट काय दाखवितो

या साऱ्या हकीकतीतून ब्वासे यांनी जी गोष्ट निवडली तीत त्यांचे खरे चातुर्य आहे. चित्रपटाचा केंद्रबिंदू नेता नाही, जनरल नाही आणि पोलीसही नाही. तो आहे दारियें नावाचा एक दुबळा पत्रकार. ज्याँ-लुई त्रँतिन्याँ यांनी ही भूमिका केली आहे. एकेकाळी त्याने चळवळीत भाग घेतला होता, नंतर पोलिसांना बातम्याही पुरविल्या. खिशात पैसा नाही, मनात अढी आहे, आणि आपले कोठेतरी नाव व्हावे ही इच्छा अजून मेलेली नाही. अशा माणसाला अडकविणे सोपे असते. जुन्या भानगडी उकरण्याची धमकी देऊन त्याच्याकडे एक साधे काम सोपविण्यात येते. जिनिव्हाला जा, सादिएल तुझ्यावर विश्वास ठेवतो, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमासाठी त्याला पॅरिसला ये म्हणावे. बस्स, एवढेच.

चित्रपटात जो तो 'एवढेच' करतो. वकील फक्त निरोप पोहोचवितो. दूरचित्रवाणीचा अधिकारी फक्त वेळ ठरवितो. पोलीस फक्त ओळखपत्र दाखवितात. गुंड फक्त बंगला देतो. वरचा अधिकारी फक्त खिडकीबाहेर पाहतो. या सर्व 'फक्त'ची बेरीज केली की एका माणसाचा प्राण जातो. आम्ही मुलांना बेरीज शिकवितो, पण ही बेरीज कोणत्याच पाठ्यपुस्तकात नसते.

सादिएलची भूमिका जान मारिया व्होलोन्ते या इटालियन नटाने केली आहे. थकलेला आणि शांत असा हा माणूस माणसांवर थोडा अधिकच विश्वास ठेवतो. आपल्या शत्रूपुढे, मिशेल पिकोली यांनी उभ्या केलेल्या कासारपुढे, तो येतो तेव्हा दोघे एकाच मातीतील आहेत हे विसरता येत नाही. दारियेंच्या सोबतिणीच्या भूमिकेत जीन सीबर्ग आहे. पार्श्वसंगीत एनिओ मोरिकोने यांचे. ते भीती दाखवीत नाही, नुसते पाठलाग करते. दारियेंला आपण काय केले ते कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो सत्य सांगू पाहतो, पण ऐकणाऱ्यांना ते सत्य नको असते, आणि त्याचाही जीव वाचत नाही.

पटकथेच्या लेखकांपैकी होर्हे सेंप्रून हे स्वतः परागंदा माणूस होते. माद्रिदमध्ये जन्मले, स्पेनच्या यादवीनंतर फ्रान्समध्ये वाढले, १९४३ साली गेस्टापोच्या हाती सापडले आणि बूखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत बाहेर आले. पुढे फ्रँकोच्या स्पेनमध्ये खोट्या नावाने भूमिगत काम केले. दारावरची थाप, ओळखीचा चेहरा आणि त्यामागचा धोका हे त्यांना कल्पनेने लिहावे लागले नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. इतके नामवंत नट एकत्र आले की प्रत्येकाला आपला प्रवेश द्यावा लागतो आणि गोष्ट अधूनमधून अडखळते. सादिएल माणसापेक्षा तसबीर वाटू लागतो. खरा बेन बार्का अधिक गुंतागुंतीचा होता; प्राग येथील जुन्या दप्तरांच्या आधारे एका संशोधकाने त्यांचा त्या देशाच्या हेरखात्याशी संबंध असल्याचे अलीकडे मांडले आहे, आणि त्यांच्या कुटुंबाने ते साफ नाकारले आहे. चित्रपट अमेरिकन हेराला जे मोठे स्थान देतो तेही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. आणि ज्या देशाचा या प्रकरणाशी संबंध पुढे उघड झाला, त्याला चित्रपटाच्या कथेत स्थानच नाही. तो देश म्हणजे आपला इस्राएल.

मार्सेलिसची आठवण

त्या विषयाकडे वळण्यापूर्वी मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीच्या मनात जी आठवण उठते ती नोंदविली पाहिजे. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीतून निसटून सावरकर मार्सेलिसच्या धक्क्यावर चढले. फ्रान्सच्या भूमीवर पाय टेकला की आश्रय मिळेल, हा त्यांचा हिशेब होता. फ्रेंच पोलिसानेच त्यांना पकडले आणि पुन्हा बोटीवर नेण्यास हातभार लावला. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. फेब्रुवारी १९११ मध्ये निर्णय लागला की, घडले ते नियमाला धरून नव्हते, तरी इंग्लंडने कैदी परत करण्याचे कारण नाही. सावरकरांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, धडा एकच आहे. परागंदा माणसाचे रक्षण कायद्याचे पुस्तक करीत नाही. त्या क्षणी त्याच्यासमोर उभा असलेला शिपाई करतो किंवा करीत नाही.

आपल्या दारापर्यंत

आता आपल्या दाराशी येऊ. १९६१ च्या अखेरीपासून १९६४ पर्यंत, 'याखीन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोहिमेत, सुमारे ९० हजार यहुदी मोरोक्कोतून बाहेर पडून येथे आले. त्यापूर्वी चोरून निघणाऱ्यांचे काय होई, ते जानेवारी १९६१ मध्ये 'एगोझ' ही बोट बुडून चाळीसवर माणसे मेली तेव्हा साऱ्या जगाने पाहिले होते. राजा हसनने समजुतीने दार उघडले आणि दर माणशी ठरावीक रक्कम घेतली. सामुदायिक पासपोर्टांवर कुटुंबेच्या कुटुंबे बोटीत चढली. आमच्या त्या बाईंचे आईवडील असेच आले. आपण बेने इस्राएल मुंबईहून निघालो ते ज्याच्या त्याच्या पासपोर्टवर. भारताने आपल्याला अडविले नाही की आपल्याबद्दल कोणाकडे पैसा मागितला नाही. त्यामुळे उपकारांचे हे ओझे कसे असते ते आपल्याला सहज उमगत नाही.

या व्यवहारातून दोन देशांच्या गुप्त खात्यांची मैत्री वाढली. सप्टेंबर १९६५ मध्ये कासाब्लांकात अरब राष्ट्रप्रमुखांची परिषद भरली. तीत काय बोलणे झाले त्याचे ध्वनिमुद्रण मोरोक्कोने इस्राएलच्या हाती दिले. अरब सैन्ये युद्धाला तयार नाहीत, हे त्यातून कळले. एवढी मोठी देणगी मिळाल्यावर परतफेडीची मागणी येणारच. मागणी होती बेन बार्का यांच्या शोधाची. पत्रकार रोनेन बर्गमन यांनी गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार, जिनिव्हातील एका वृत्तपत्र-विक्रेत्याकडे त्यांचे टपाल येते ही माहिती मोसादने मोरोक्कनांना दिली, आणि पुढेही जागा, कागदपत्रे अशी मदत केली. पळविणे आणि मारणे हे इस्राएली हातांनी झाले नाही, असाच त्या वृत्तांतांचा सूर आहे. सरकारने अधिकृतपणे यातील काहीही कबूल केलेले नाही.

म्हणजे आपणही 'फक्त' एक पत्ता सांगितला!

हे येथे पहिल्यांदा छापले ते 'बुल' नावाच्या एका सवंग साप्ताहिकाने, डिसेंबर १९६६ मध्ये. शमुएल मोर आणि मॅक्सिम गिलान या त्याच्या दोन संपादकांना अटक झाली, खटला बंद दारांआड चालला आणि दोघांची तुरुंगात रवानगी झाली. गिलान पुढे देश सोडून पॅरिसला गेले आणि परागंदा म्हणून राहिले. एका परागंदा माणसाची बातमी छापणारा स्वतः परागंदा झाला, तोही त्याच शहरात.

येथे आपले वाचक विचारतील, आयखमानलाही आपण पळवूनच आणले ना? प्रश्न रास्त आहे. मे १९६० मध्ये ब्वेनोस आयरेस येथून आयखमानला पकडून आणणाऱ्या मोसादचे प्रमुख होते इस्सर हारेल. पण आयखमानला आणले ते यरुशलेमच्या न्यायालयात. तेथे त्याला वकील मिळाला, काचेच्या पेटीत बसवून साऱ्या जगासमोर साक्षी झाल्या. बेन बार्का यांना नेले ते गुंडाच्या बंगल्यात. एका वाटेच्या शेवटी न्यायाधीश होता, दुसऱ्या वाटेच्या शेवटी कोणीच नव्हते. आणि नवल असे की, बेन बार्का प्रकरण कळल्यावर त्यांच्या जागी आलेल्या मेइर अमित यांना पदावरून दूर करा, असा आग्रह पंतप्रधान एश्कोल यांच्याकडे धरणारे हेच इस्सर हारेल होते. त्यात जुने वैर होते हे खरे. परंतु अपहरणातला फरक या माणसापेक्षा अधिक कोणाला कळणार? एश्कोल यांनी अमित यांना ठेवले आणि हारेल राजीनामा देऊन गेले.

५ जून

पॅरिसमधील खटला दोन खेपांना चालला आणि त्याचा अंतिम निकाल लागला. जनरल उफकीर यांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप, लोपेझला ८ वर्षे, एका पोलिसाला ६ वर्षे. स्वतः हजर झालेले दलिमी निर्दोष. निकालाची तारीख होती ५ जून १९६७.

ही तारीख या देशात कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. त्या सकाळी सहा दिवसांचे युद्ध सुरू झाले होते. कासाब्लांकाच्या ध्वनिमुद्रणांतून मिळालेल्या ज्ञानाचा उपयोग ज्या दिवशी झाला, त्याच दिवशी त्या ज्ञानाच्या बदल्यात जे दिले गेले त्याचा निकाल पॅरिसमध्ये वाचला जात होता. त्या दिवशी तिकडे कोणाचे लक्ष असणार! आमचे वडीलधारे त्या आठवड्यात रेडिओला कान लावून बसत, असे आम्ही ऐकत वाढलो. त्या भीतीची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. ती ध्वनिमुद्रणे मिळाली नसती तर किती मुले घरी परतली नसती, हा हिशेबही आम्हांला करता येत नाही. म्हणूनच हे प्रकरण अवघड आहे. चित्रपटातील माणसांची कारणे क्षुद्र होती. आपले कारण क्षुद्र नव्हते. तरीही बंगल्याच्या दारापर्यंत नेणारी वाट एकच निघाली.

नंतर काळाने आपापले हिशेब केले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये, चित्रपट पडद्यावर येण्याच्या थोडे आधी, राजाविरुद्धच्या फसलेल्या उठावानंतर उफकीर मारले गेले. दलिमी १९८३ साली मोटार अपघातात गेले. राजा हसन १९९९ साली वारला. त्याच वर्षी बेन बार्कांची पत्नी आणि मुले तीन तपांनंतर मायदेशी जाऊन आली. २००५ साली, चाळीस वर्षे झाल्यावर, पॅरिसने त्या जागेच्या जवळच एका चौकाला मेहदी बेन बार्का यांचे नाव दिले. त्यांच्या मुलाने १९७५ साली केलेल्या फिर्यादीची चौकशी मात्र पुरी झालेली नाही. देह कोठे आहे, याविषयी कोणी पॅरिसजवळचे जंगल सांगतो, कोणी रबातमधील आम्लाची टाकी. आईवडिलांच्या कबरीवर दगड ठेवावयास जाणाऱ्या आपल्या समाजाला कबरच नसणे म्हणजे काय, ते सांगावयास नको.

रानात प्रेत सापडले आणि मारणारा माहीत नसला, तर सर्वांत जवळच्या गावाच्या वडीलधाऱ्यांनी हात धुऊन आपण निर्दोष असल्याचे सांगावे, असे तोरात आहे. वडीलधाऱ्यांनी खून केला असे कोणाला वाटेल, असा प्रश्न आपल्या ऋषितुल्य रब्बींनी विचारला, आणि त्याचा अर्थ असा लावला की, तो वाटसरू आमच्याकडे आला असता आम्ही त्याला अन्नाविना आणि सोबतीविना जाऊ दिले नाही, हे त्यांना सांगता आले पाहिजे. जवळचे गाव कोणते, हे तोरात अंतर मोजून ठरवितात. या प्रकरणात अंतर कोणी मोजावे? आम्हांला वाटते, ज्याने त्याने आपल्या पायांपासून मोजावे. आपल्या देशावर प्रेम असणे आणि हे अंतर मोजणे यांत विरोध नाही. मुलाची वही तपासणारी आई त्याची शत्रू नसते.

गेल्या पेसाहच्या दिवसांत त्या बाईंच्या वडिलांना भेटण्याचा योग आला. नव्वदीच्या घरातले गृहस्थ. कान अजून तल्लख आहेत. आम्ही धीर करून विचारले, "आजोबा, बेन बार्का हे नाव आपण ऐकले होते का?" त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि मुलीकडे पाहिले.

"ऐकले होते," ते म्हणाले. "तिकडे सगळ्यांनीच ऐकले होते. पण ते नाव मोठ्याने घेत नसत."

बाईंनी आमच्याकडे पाहिले. इतकी वर्षे त्या ज्याला कृतज्ञता समजत होत्या ती कृतज्ञता होतीच. पण तिच्या शेजारी भीतीही बसलेली होती, आणि ती बोटीतून उतरून त्यांच्याबरोबर येथवर आली होती. त्या संध्याकाळी त्यांच्या घरात ते नाव बराच वेळ आणि मोठ्याने घेतले गेले.